भिलाईचे पोलाद आणि स्वायत्ततेचे मोल

देशाचे परराष्ट्र धोरण राजधानीतील मोजक्या दालनांत ठरते. त्याची कसोटी मात्र कारखान्यांच्या भट्ट्यांपाशी लागते. भिलाईतील कोहका, सुपेला यांसारख्या वस्त्यांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ज्या पोलाद कारखान्याभोवती ही नगरी वाढली, तो कारखानाच मुळी महासत्तांच्या स्पर्धेतून भारताने पदरात पाडून घेतलेला लाभ आहे.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी भिलाईचा करार झाला, तेव्हा हा मुलूख जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. दहा लाख टन क्षमतेचा कारखाना, अडीच टक्के व्याजाचे कर्ज आणि बारा वार्षिक हप्त्यांत परतफेड, असे कराराचे स्वरूप होते. यात मॉस्कोच्या औदार्यापेक्षा राजकीय हिशेब अधिक होता. नेहरूंचाही हिशेब पक्का होता. रूरकेलासाठी पश्चिम जर्मनी, दुर्गापूरसाठी ब्रिटन आणि भिलाईसाठी रशिया, अशी तीन दारे त्यांनी एकाच वेळी उघडी ठेवली. बोकारोसाठी चौथे दार अमेरिकेचे ठोठावले गेले. परंतु सरकारी मालकीच्या कारखान्याला पैसा देण्यास तेथील काँग्रेसमध्ये विरोध झाला आणि ऑगस्ट १९६३ मध्ये भारताने विनंती मागे घेतली. १९६५ च्या जानेवारीत बोकारोचा करारही मॉस्कोशीच झाला.

संरक्षणाच्या क्षेत्रात हाच अनुभव एका मराठी नेत्याच्या वाट्याला आला. चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, त्याच २१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्र अभिमानाने म्हणतो. धावून गेलेल्या सह्याद्रीला पुढे शस्त्रांसाठी किती उंबरठे झिजवावे लागले, याची चर्चा मात्र कमी होते. मे १९६४ मध्ये यशवंतराव अमेरिकेत गेले. पाकिस्तानकडे असलेली एफ-१०४ जातीची विमाने भारताला देण्यास वॉशिंग्टन राजी झाले नाही. नेहरूंच्या निधनामुळे त्यांना दौरा आटोपता घ्यावा लागला. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले आणि मिग-२१ च्या व्यवहाराला गती मिळाली. सांगाडा नाशिकजवळच्या ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला, अशी त्याच्या उत्पादनाची विभागणी झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी या विमानाने भारतीय हवाई दलाचा निरोप घेतला. साठ वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या नात्याचे मूळ एका नकारात होते, हे विसरता येत नाही.

परंतु मॉस्कोचा होकारही बिनशर्त नसतो आणि वेळेवरचा तर नसतोच. स्वदेशी विमानवाहू नौका ‘विक्रांत’साठी लागणारे युद्धनौकेच्या दर्जाचे पोलाद रशियाकडून यायचे होते. ते वेळेत मिळेना, तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेने आणि ‘सेल’ने मिळून ते देशातच तयार केले. सुमारे तीस हजार टन पोलाद भिलाई, बोकारो आणि रूरकेला येथून गेले. रशियाने उभारलेल्या कारखान्याने रशियाचीच उणीव भरून काढली, हा इतिहासाचा अर्थपूर्ण योगायोग होय. २ सप्टेंबर २०२२ रोजी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. तिच्या अंगाचे पोलाद आपले, तिला चालवणारी गॅस टर्बाइन अमेरिकी बनावटीची, तिच्यावरची मिग-२९के विमाने रशियन आणि त्यांच्या जोडीला एप्रिल २०२५ च्या करारानुसार यावयाची राफेल-एम फ्रेंच. मध्यम शक्तीचे सारे धोरण या एका नौकेवर वाचता येते.

अनेकांकडून घेणे म्हणजे स्वायत्तता, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेनुसार भारताच्या शस्त्र आयातीतील रशियाचा वाटा २०१०-१४ मधील ७२ टक्क्यांवरून २०२०-२४ मध्ये ३६ टक्क्यांवर आला. एकाच पुरवठादारावरचा भार हलका झाला, हे खरे. परावलंबन मात्र विभागले गेले, संपले नाही. तेजस मार्क-१ए विमाने मार्च २०२४ पासून हवाई दलाला मिळायची होती. अमेरिकी कंपनीकडून पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये आले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून नाशिकमध्ये बनलेले पहिले मार्क-१ए उडाले, तेव्हाही त्याचे हृदय परदेशीच होते.

याच काळात ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलाच्या खरेदीवरून अमेरिकेने भारतीय मालावर जादा २५ टक्के आयातशुल्क लादले. ऑक्टोबरअखेर त्याच अमेरिकेशी दहा वर्षांच्या संरक्षण सहकार्याच्या आराखड्यावर सह्या झाल्या आणि डिसेंबरात पुतिन दिल्लीत येऊन गेले. याला कोणी तारेवरची कसरत म्हणेल, कोणी मुत्सद्देगिरी. कसरत करणाऱ्याच्या हातातली काठी मात्र भक्कम हवी.

ती काठी भिलाईत घडली, कारण कर्जासोबत ज्ञानही आले आणि आपल्या अभियंत्यांनी ते मुरवले. संसदेत संरक्षण खरेदीची चर्चा बहुधा किंमत आणि दलाली यांभोवती फिरते. कोणत्या करारातून कोणते तंत्रज्ञान आले, किती मुरले आणि पुरवठादार रुसला तर किती महिने आपण तग धरू, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. दिल्लीत फायली हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि त्यांना जाब विचारणाऱ्या खासदारांनी हे तीन प्रश्न प्रत्येक करारापूर्वी विचारले, तर विमानाच्या इंजिनाबाबतही उद्या ‘विक्रांत’च्या पोलादासारखी कथा सांगता येईल. तोवर आपली स्वायत्तता दुसऱ्याच्या वेळापत्रकावर चालत राहील.