आवाजावर चालणारा संगणक

२०१५ साली विंडोज १० सोबत मायक्रोसॉफ्टची ‘कोर्टाना’ ही बोलून वापरायची मदतनीस टेबलावरच्या संगणकात आली. वर्षभराने ॲपलच्या मॅकवर ‘सिरी’. हाक मारली की अशी मदतनीस जागी होते कशी? एक छोटी प्रणाली संगणकातच सतत चालू असते आणि ऐकू येणाऱ्या ध्वनीत फक्त हाकेचा शब्द शोधते. तो सापडला की पुढचे वाक्य बहुधा इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरकडे जाते. तिथे त्याचा मजकूर होतो, मग अर्थ लावला जातो.

विंडोजमधली कोर्टाना २०२३ मध्ये बंद झाली. तशीही हवामान विचारायला खिशातला फोन पुरतो.

मला मोलाची वाटते ती वेगळीच सोय : विंडोज ११ मधली ‘व्हॉइस ॲक्सेस’. ‘शो नंबर्स’ म्हणा, पडद्यावरच्या प्रत्येक बटणावर आकडा उमटतो. आकडा उच्चारला की क्लिक होते. चित्रातला नेमका ठिपका गाठायचा तर ‘शो ग्रिड’ म्हणायचे. पडद्यावर चौकटी पडतात आणि निवडलेली चौकट पुन्हा बारीक विभागली जाते. ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांना यामुळे पत्र लिहिता येते, नोकरी करता येते, तीही कुणाला न विनवता! शिवाय इथे आवाजाची ओळख संगणकातच होते. भाषेची फाइल एकदा उतरवली की इंटरनेट लागत नाही.

ही सोय सुरू झाली इंग्रजीतून. मराठीत बोलून लिहायचे असेल, तर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून ‘टूल्स’मधले ‘व्हॉइस टायपिंग’ सुरू करा आणि भाषा मराठी निवडा.