लसीकरणविषयक विश्वास, आदिवासी वस्त्यांतील
लसीकरणविषयक विश्वास, आदिवासी वस्त्यांतील : बालकांस लस टोचून घेण्यास पालकांनी समजून व स्वेच्छेने दिलेली संमती. लस उपलब्ध होणे व ती स्वीकारली जाणे या भिन्न गोष्टी असून पहिलीमुळे दुसरी आपोआप साधत नाही.

वर्धा जिल्ह्याच्या वायव्येस असलेला आर्वी तालुका कापसाच्या काळ्या जमिनीचा. उत्तरेकडे सातपुड्याच्या फाट्यांच्या टेकड्या आहेत. जिल्ह्यात गोंड, कोलाम इ. जमाती राहतात, तथापि वर्धा जिल्हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येत नाही. त्यामुळे अशा क्षेत्रापुरत्या केलेल्या तरतुदी येथील वस्त्यांना लागू होत नाहीत.

लसीविषयीच्या साशंकतेला अज्ञान म्हणण्याची प्रथा आहे. ती बरोबर नाही. मराठीत ‘देवी’ हा शब्द रोग व त्याची लस या दोहोंसाठी रूढ झाला. विदर्भात मातामायेचे ठाणे गावोगावी आढळते. अंगावर फोड उठणे म्हणजे मातेचे आगमन, अशी समजूत असल्याने लस टोचणे हा तिचा अवमान वाटे. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी लस होय. पुढे बराच काळ एका मुलाच्या दंडावरील फोडातील लस काढून दुसऱ्यास टोचीत. जखम चिघळे, ताप येई. १८८० च्या कायद्याने काही नगरपालिका व छावण्यांत सक्तीची सोय केली. साहजिकच देवी डॉक्टर हा सरकारी माणूस ठरला. भारतातून देवीचे उच्चाटन १९७५ मध्ये झाले खरे. परंतु त्याच सुमारास, आणीबाणीत, नसबंदीची सक्ती झाली. सुईमुळे पुढे मूल होत नाही, ही अफवा नव्या लशींच्या वेळीही डोके वर काढते, याचे एक मूळ त्या आठवणीत असावे. [→ देवी].

सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. आज सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या बालकास पंचगुणी लस देतात. तीतील डांग्या खोकल्याच्या घटकामुळे एकदोन दिवस ताप येणे, मांडी दुखणे हे अपेक्षित असते. मात्र हे आधी सांगितले नाही, तर धडधाकट मूल सुईने आजारी पडले, असेच आईला दिसते. कापूस वेचणीच्या दिवसांत रडते मूल सांभाळायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी जाते. मग पुढील मात्रेस ती येत नाही आणि नोंदवहीत ‘नकार’ असा शेरा पडतो. वास्तविक कित्येकदा हा नकार नसून हिशेब असतो.

म्हणून विश्वास व्याख्यानापेक्षा परिचयाने वाढतो. त्याच वस्तीतील, तीच बोली बोलणारी आशा कार्यकर्ती (योजना २००५ पासून) तापाची पूर्वकल्पना देते, औषध ठेवून जाते व दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. ही दुसरी खेप सर्वांत महत्त्वाची होय. सत्र बाजाराच्या दिवशी वा मजूर परतल्यावर संध्याकाळी ठेवणे, भुमका व सुईण यांना आधी विश्वासात घेणे, हेही उपयोगी पडते. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने (स्थापना १९६९) परिसरातील गावांत ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन आरोग्य विमा योजना चालविली. वर्गणी देणारे गाव उपकृत राहत नाही; जाब विचारू शकते.

चूक लपविल्यास मात्र सर्व श्रम वाया जातात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, ३१ जानेवारी २०२१ रोजी बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रावण पाजले गेले. मुले बचावली व संबंधितांवर कारवाई झाली. अशा घटनेनंतर घरोघर जाऊन काय घडले ते सांगणे आणि थेंब पाजण्यापूर्वी कुपी पालकांना दाखविणे, हे पुढील फेरीच्या प्रचारापेक्षा अधिक निकडीचे असते.

विश्वासाचे मोजमाप पहिल्या मात्रेच्या आकड्याने होत नाही, कारण ती पुष्कळदा प्रसूतीच्या ठिकाणीच दिली जाते. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. जन्माच्या वेळी लस घेतलेल्या मुलांपैकी किती जण या दुसऱ्या मात्रेपर्यंत टिकतात आणि स्थलांतरित कुटुंबे लसीकरणाचे कार्ड बरोबर नेतात की नाही, यांवरून त्याचा खरा अंदाज येतो.