एक विषय, अनेक कपाटे : ललित आणि ललितेतर ग्रंथांचा शोध



नेमलेल्या पुस्तकांपलीकडे काय वाचावे, हा प्रश्न दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला विशेष जाणवतो. सुचवणारे प्राध्यापक रोज भेटत नाहीत आणि नोकरी, शेती वा घर सांभाळून उरणारा वेळ थोडा असतो. अशा वेळी तालुक्याच्या गावचे सार्वजनिक ग्रंथालय हा आपला मोठा आधार ठरतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमामुळे अशा ग्रंथालयांना शासनमान्यता आणि अनुदान मिळण्याची व्यवस्था झाली. तेथील कपाटांमधून स्वतःची वाट कशी काढावी, हे येथे पाहू.

संज्ञांचा विचार

‘कादंबरी’ हे मुळात बाणभट्टाच्या एका संस्कृत ग्रंथाचे नाव. मराठीने ते संपूर्ण साहित्यप्रकाराला दिले. ‘ललितेतर’ ही संज्ञा मात्र नकारातून घडली आहे : जे ललित नाही ते. त्यामुळे इतिहास, चरित्र, शेतीशास्त्र, पक्षिविज्ञान असे परस्परांहून अगदी भिन्न विषय तिच्यात एकत्र येतात. ‘ललितेतर म्हणजे रूक्ष’ हा समज म्हणूनच टिकत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्राच्या कपाटात असतात, पण कोणत्याही कथेइतकीच वाचकाला धरून ठेवतात.

एक उदाहरण

इंदापूर तालुक्यात भीमेवरील उजनी धरणाचे पाणी पसरले आहे. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. हिवाळ्यात भिगवणच्या परिसरात रोहित पक्षी येतात. हा आपल्या परिचयाचा विषय घेऊन ग्रंथालयात जा. कादंबऱ्यांच्या कपाटात विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ शोधा. ती उजनीवर लिहिलेली नाही; पण धरणाने उठवलेल्या माणसांचे जगणे तिच्यात आहे. पक्ष्यांसाठी मारुती चितमपल्लींचे लेखन पाहा. दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयात पक्षी ५९८ या क्रमांकाखाली, शेती ६३० खाली, तर मराठी साहित्य ८९१.४६ खाली सापडते. विषय एकच, पण तो तीन ठिकाणी विखुरलेला असतो. म्हणून केवळ एका कपाटापाशी थांबणारा वाचक विषयाच्या एकाच बाजूशी थांबतो.

बारामतीचेही तसेच आहे. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्या काव्यविभागात, त्यांचे चरित्र चरित्रविभागात आणि त्यांच्या रचनेची चिकित्सा समीक्षेत मिळेल. आर्या अवघड वाटल्यास आधी चरित्र वाचावे. त्यात कमीपणा नाही.

कोणत्या ग्रंथाकडे काय मागावे?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ वाचून माधवराव पेशव्यांविषयी मनात आत्मीयता निर्माण होते. मात्र तिच्यातील संवाद इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत पुरावा म्हणून देता येत नाहीत. त्यासाठी कागदपत्रांवर आधारलेला इतिहासग्रंथच उघडावा लागतो. उलट, घर पाण्याखाली जाताना मनाचे काय होते, हे धरणाच्या अहवालातील आकडे सांगू शकत नाहीत. दोन्ही प्रकार सत्याशीच संबंधित आहेत, पण प्रत्येकाचे उत्तरदायित्व निराळे आहे. हा विवेक परीक्षेपुरता नाही. गावातील पारावर वा घरातील चर्चेत कोणी ‘पुस्तकात लिहिले आहे’ असे म्हणाले, तर ‘कोणत्या प्रकारच्या पुस्तकात?’ असे शांतपणे विचारता येणे, ही सुशिक्षित वाचकाची खूण होय.

पहिल्या भेटीत

ग्रंथपालांना पुस्तकाचे नाव सांगता आले नाही, तरी संकोचू नका, विषय सांगा. प्रस्तावना आणि अनुक्रमणिका तेथेच चाळा. शक्य असल्यास घरी नेताना एक ललित व एक ललितेतर ग्रंथ निवडा. एखादे पुस्तक अर्धवट परत करावे लागले, तरी तो शोध वाया जात नाही. पुढच्या वेळी आपली निवड अधिक नेमकी होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘ललितेतर’ या संज्ञेची मर्यादा स्पष्ट करा.
२. आपल्या गावाशी निगडित एक विषय निवडून त्यावरील दोन भिन्न प्रकारचे ग्रंथ शोधा आणि प्रत्येकातून काय मिळाले, ते दहा ओळींत लिहा.