फेरारीची लांबची बहीण, लासलगावात!

इटालियन गाडी ‘ओरिजिनल’ करायची म्हणजे नेमकं काय करायचं? आजोबांची १९६६ची फियाट रिस्टोअर करताना मिळालेलं उत्तर.

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून सुटलेली मंडळी लोणावळा गाठतात, नाहीतर मल्टिप्लेक्स. गेली दोन वर्षं मी लासलगाव गाठते. हो, तेच! टीव्हीवर कांद्याचा भाव आला की ज्याचं नाव येतं ते. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर, निफाड करत रात्री उशिरा पोचायचं आणि शनिवारी सकाळी हाताला ग्रीस!

“तिथे आहे तरी काय?” टीममधल्या प्रत्येकाने विचारून झालंय. “माझी इटालियन गाडी आहे,” असं सांगितलं की सगळ्यांचे डोळे चमकतात. मग मी मोबाइलमधला फोटो दाखवते आणि चेहरे पडतात.

“अगं, ही तर पद्मिनी! टॅक्सी!”

थांबा, राव. आधी तिचं खानदान तर ऐका.

घराणं मोठं आहे!

फियाटने १९३७मध्ये एक छोटी गाडी काढली. चार सिलिंडर, १०८९ सीसी. साधी, मध्यमवर्गीय. त्यानंतर दोन वर्षांनी एन्झो फेरारी अल्फा रोमिओमधून बाहेर पडले. करार असा, की चार वर्षं स्वतःचं नाव लावून रेसिंग करायचं नाही. मग त्यांनी मोडेनात वेगळ्या नावाने कंपनी काढली आणि १९४०च्या ब्रेशियाच्या शर्यतीसाठी ‘८१५’ नावाच्या दोन स्पोर्ट्स कार बांधल्या. आठ सिलिंडर, दीड लिटर. सामान कुठलं? याच फियाट ११००चं! एक गाडी आल्बेर्तो अस्कारीने चालवली. दोन्ही गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत, पण एन्झोंची स्वतःची अशी पहिली गाडी ती हीच.

आणखी ऐकायचंय? १९५१मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने मोटारींना कलाकृती म्हणून मांडलं, तेव्हा त्यात चिसितालिया २०२ होती. पिनिनफारिनाचं डिझाइन, बघतच राहावी अशी. बॉनेटखाली मात्र फियाटचंच १०८९ सीसी!

हेच घराणं आपल्याकडे आलं ते वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समुळे. कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नासच्या दशकात फियाट ११०० तयार व्हायला लागली. १९६४मध्ये ‘११०० डी’ म्हणजे ‘डिलाइट’ आली. सत्तरच्या दशकात फियाटशी करार संपला आणि तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा फेसबुकवर हळहळणाऱ्यांत तुम्हीही असालच.

चाळीतली डिलाइट

आजोबांची लासलगाव मार्केटात आडत होती. त्या काळात फियाट बुक केली की नंबर लागेपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं. त्यांचा नंबर १९६६मध्ये लागला. पुढची पंचवीस वर्षं गाडीने निफाड, मनमाड, नाशिक आणि महिन्यातून एकदा मुंबई केली. मग आजोबांचे गुडघे गेले आणि गाडी काकाकडे आली. काकाने ती थोडी चालवली आणि मारुती घेतल्यावर मळ्यातल्या रिकाम्या कांद्याच्या चाळीत लावून टाकली.

गंमत म्हणजे चाळीनेच तिला वाचवलं. कांदा सडू नये म्हणून चाळीत चारी बाजूंनी वारा खेळता ठेवतात. मुंबईच्या दमट हवेत पत्र्याची चाळण झाली असती. इथे दारांखालच्या पट्ट्या आणि बॅटरीखालचा पत्रा सोडला तर सगळं शाबूत. उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं, ते सोडा.

गावातले सत्तरीचे मिस्त्री तयार झाले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. अट एकच. “ताई, घाई करायची नाही.”

७२ एमएमचा धडा

मी अर्थातच घाई केली! आपण आयटीवाले. सगळं नेटवर मिळतं असा आपला फंडा. एका परदेशी विक्रेत्याकडून ‘११०० डी’साठी पिस्टनच्या रिंगा मागवल्या. इटालियन, डबाबंद. बोनसचा बराचसा भाग त्यात गेला. डबा चाचांपुढे ऐटीत ठेवला. त्यांनी रिंग उचलली, व्हर्निअर लावला आणि हसले.

“ताई, या बहात्तरच्या आहेत. आपल्याला अडुसष्ट लागतात.”

झालं होतं असं, की इटलीत १९६२ला ‘डी’ आली तेव्हा सिलिंडरचा व्यास ६८वरून ७२ मिलिमीटर केला गेला. स्ट्रोक तोच, ७५. इंजिन झालं १२२१ सीसी. आपल्या कुर्ल्याच्या ‘डी’ला बॉडी नवी मिळाली, पण इंजिन जुनंच राहिलं, १०८९चं. म्हणजे दोघींचं नाव एकच, चेहरा एकच, काळीज वेगळं! तोरिनोच्या गाडीसाठी जे शंभर टक्के अस्सल, ते माझ्या गाडीत शंभर टक्के चूक.

शेवटी बरोबर मापाच्या रिंगा मिळाल्या कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात. जिथे गाडी जन्मली तिथेच. कारखान्याच्या जागी आता टॉवर आहेत, पण दुकानांच्या माळ्यांवर अजून न उघडलेली पाकिटं निघतात.

ओरिजिनल म्हणजे कधीचं?

जुन्या इटालियन गाड्यांच्या दुनियेत हा प्रश्न कोट्यवधींचा आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १९६२ची एक फेरारी जीटीओ ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली. एवढे पैसे मोजणारा माणूस खात्री करणारच ना! फेरारीने २००६मध्ये त्यासाठी वेगळा विभागच काढला. चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स यांचे नंबर आणि तपशील कारखान्याच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहतात, मग सर्टिफिकेट. दुसरीकडे, जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३मध्ये ‘तोरिनो सनद’ मान्य केली. तिचा सूर वेगळा आहे. शक्य तितकं कमी बदला, बदललंत तर लिहून ठेवा, आणि वापरात असताना गाडीवर जे उमटलं तोही तिचा इतिहासच समजा.

आपल्याकडेही जुलै २०२१पासून विंटेज गाड्यांसाठी नियम आहेत. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे फेरफार नकोत. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आजोबांचं आरसी बुक आजीच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली सापडलं. चाचांनी इंजिनवरचा नंबर वायर ब्रशने घासून काढला आणि मी एकेक आकडा मोठ्याने वाचला. जुळला! त्या दिवशी पेढे वाटले.

पण बाकीचं? पुढची जाळी नंतरच्या पद्मिनीची होती. स्टीअरिंगही. डायनामो जाऊन अल्टरनेटर आला होता. डॅशबोर्डवर आजोबांनी गणपती बसवला होता, त्याची दोन भोकं. मागच्या मडगार्डला मार्केट यार्डातल्या ट्रॉलीने दिलेला पोचा. काय ठेवायचं, काय काढायचं? मी एक नियम केला. आजोबांच्या हातून जे झालं ते राहील, त्यांच्यानंतर सोयीसाठी जे झालं ते जाईल. जाळी, स्टीअरिंग, अल्टरनेटर गेले. भोकं राहिली. पोचाही राहिला, त्यावर डेंटर मात्र रुसला. “लोक म्हणतील, याला काम येत नाही!”

लाल, पिस्ता, राखाडी

आणि मग रंगावर सगळं अडलं.

वरचा लाल रंग काकाच्या हौसेचा. तो जाणार हे ठरलेलंच. आजी म्हणाली, “आपली गाडी पिस्ता होती.” मी दारावर रुपयाएवढ्या जागेत वॉटर पेपर घासला. लालखाली खरंच पिस्ता निघाला. पण चाचा म्हणाले, अजून घासा. पिस्त्याखाली राखाडी! डिकीच्या आत आणि डॅशबोर्डमागे तोच राखाडी, हात न लागलेला. म्हणजे गाडी कुर्ल्यातून राखाडी निघाली होती.

मी खूश. रॅलीत जायचं तर कारखान्याचाच रंग पाहिजे! “आजी, तुझी आठवण चुकतेय,” मी जरा तोऱ्यातच म्हटलं आणि तिला डिकी दाखवली.

तिने चष्मा लावून नीट पाहिलं. “चुकत नाही. राखाडीच आली होती. मला मेला तो रंग कधी आवडलाच नाही. पण इतक्या वर्षांनी नंबर लागला, रंगावरून परत करायची का? हे म्हणाले, कांद्याला बरा भाव आला की तुझ्या आवडीचा रंग देऊ. पाच वर्षं गेली, मी विसरले पण होते. एक दिवस मनमाडहून आले ते पिस्ता गाडी घेऊन.”

एवढं बोलून ती लसूण सोलायला आत गेली. चाचा माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे.

माझाच नियम माझ्यावर उलटला होता. कारखान्याच्या हिशेबाने राखाडी खरा. पण राखाडी रंगाची ती गाडी पाच वर्षंच होती, आणि पिस्ता रंगाची वीस. एखाद्या परीक्षकाने गुण कापले तर कापू देत. गाडी पिस्ता झाली. रंग निवडला दारावरच्या त्या रुपयाएवढ्या ठिपक्यावरून. डिकीच्या आतला राखाडी तसाच ठेवलाय, आणि फाइलमध्ये दोन्ही रंगांची कारणं लिहिली आहेत. आजीचं नाव घालून.

विंटेज नोंदणी झाल्यावर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यालाच परवानगी. त्यामुळे दर शनिवारी आम्ही पेट्रोल भरायला जातो. आजी पुढे बसते. तिच्या मते टाकी कधीच पुरेशी भरलेली नसते!

तुम्हालाही करायचंय?

• आधी कागद. आरसी बुकातला चॅसी आणि इंजिन नंबर गाडीशी जुळतो का ते बघा, मगच पैसे द्या.

• पार्ट मागवण्याआधी माप घ्या. मॉडेलचं नाव सारखं असलं तरी देशागणिक इंजिन बदलतं.

• काहीही उघडण्यापूर्वी फोटो काढा. स्क्रू, वायर, क्लिप, सगळ्याचे. जुने पार्ट फेकू नका, चिठ्ठी लावून ठेवा.

• वरचा रंग खरवडण्यापूर्वी कोपऱ्यात एक ठिपका घासून बघा. डिकी, डॅशबोर्डमागची जागा आणि दारांच्या आतल्या कडा सगळ्यात खरं बोलतात.

• आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर पेंटरकडे जाण्याआधी त्यांच्याशी बोला. मी दोन वर्षं उशिरा बोलले.