तारेच्या टोकाचा जोड आणि क्रिंपिंगची पक्कड

आपल्या साक्री तालुक्यास विजेची ओळख नव्याने करून द्यावयास नको. ब्राह्मणवेल परिसरातील पवनचक्क्या आपण येता-जाता पाहतो. शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅट क्षमतेचा सौरविद्युत प्रकल्प २०१३ साली कार्यान्वित झाला. शाळांतही आता फळ्याशेजारी दूरदर्शन संच वा प्रक्षेपक आला असून, वीज गेली असता पाठ खंडित होऊ नये म्हणून पुष्कळ ठिकाणी बॅटरी व इन्व्हर्टर बसविलेले आहेत. ही सामग्री अनेकदा ग्रामस्थांच्या वर्गणीतून आलेली असते. तिचे रक्षण करणे हे शिक्षकाचे कर्तव्य होय. तथापि बॅटरीतील पाणी व पडद्यावरील धूळ यांकडे जितके लक्ष दिले जाते, तितके तारेच्या टोकाकडे दिले जात नाही. त्या टोकाचा आणि ते सिद्ध करणाऱ्या एका लहानशा हत्याराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

माझी एक चूक

हा विषय मला सुचला तो स्वतःच्या चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या पश्चिम भागातील एका पाड्यावरच्या शाळेस मी भेट दिली होती. पाठ सुरू होऊन दहा मिनिटे होतात न होतात तोच इन्व्हर्टर बॅटरी उतरल्याचा इशारा देई आणि पडदा काळा होई. बॅटरी चार वर्षांची होती. ती निकामी झाली असे मानून मी शेरेबुकात तसा शेरा लिहिला. ऊसतोडीस जाणाऱ्या पालकांनी पुन्हा वर्गणी काढून नवी बॅटरी आणली. आठवड्याच्या आत पूर्वीचाच प्रकार सुरू झाला.

अखेर बाजारगावाहून एका वायरमनला बोलाविण्यात आले. संच चालू ठेवून त्याने बॅटरीच्या तारेच्या टोकाजवळ हाताची पाठ नेली आणि मला म्हणाला, "साहेब, बॅटरी चांगली व्हती. खोट या थिंबलमा शे." ते थिंबल पूर्वी कोणीतरी हातोडीने ठोकून बसविलेले होते. संच बंद करून त्याने ते ओढताच तार सुटून हातात आली. तारेचे आवरण काळे व ठिसूळ झाले होते, आणि तेथून दोन हातांवर पहिलीची मुले बसत असत. गरीब पालकांचा पैसा माझ्या शेऱ्याने व्यर्थ गेला. त्याहून मोठा अनर्थ टळला, हे केवळ दैव. दुसऱ्या कोणा शिक्षकाच्या हातून असे घडू नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सैल जोड का तापतो

तारेच्या टोकावर धातूची पोकळ नळी असलेला तुकडा बसवितात. त्यास कारागीर थिंबल किंवा लग म्हणतात. नळीत तारेचे बारीक तंतू घालून ती विशिष्ट दाबाने चेपणे म्हणजे क्रिंपिंग होय. दाब योग्य असेल तर तंतू एकमेकांस व नळीस इतके घट्ट भिडतात की मध्ये हवा व ओल शिरण्यास वाव राहत नाही. दाब अपुरा पडला तर मध्ये पोकळी राहते, धातूवर गंज चढतो आणि जोडाचा विद्युत्-रोध वाढत जातो. उलट दाब अतिरेकी झाला तर तंतू तुटतात व उरलेल्या थोड्या तंतूंवर सारा भार पडतो.

याचे गणित आपल्या आठवीच्या विद्यार्थ्यासही समजेल. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ५०० वॅटचा भार घातला तर इन्व्हर्टरमधील हानी धरून तारेतून सुमारे ५० अँपिअर प्रवाह वाहतो. सैल जोडाचा रोध केवळ ०.०२ ओहम धरू. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध म्हणजे ५० × ५० × ०.०२ = ५० वॅट इतकी उष्णता त्या बोटभर जागेत निर्माण होईल. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे डाख देण्याचे लहान हत्यार २५ वॅटचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे ५० वॅट म्हणजे काय ते कळते. शिवाय ५० × ०.०२ = १ व्होल्ट दाब वाटेतच खर्च होतो. बॅटरी शाबूत असूनही इन्व्हर्टरला ती उतरल्यासारखी भासते. माझी फसगत झाली ती येथेच.

डाख न देता केवळ दाबाने तार जोडण्याच्या पद्धतीचा मोठा प्रसार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमाने व जहाजे यांतील कामामुळे झाला. अमेरिकेत १९४१ साली स्थापन झालेल्या एएमपी या कंपनीने असे जोड व ते करण्याची हत्यारे मोठ्या प्रमाणावर पुरविली. सतत हादरे बसणाऱ्या यंत्रातही असा जोड टिकतो व तो करण्यास विस्तव लागत नाही, हे त्याचे गुण होत.

पकडीचे प्रकार

पहिला प्रकार साध्या पकडीचा. तिच्या जबड्यात दोन-तीन खाचा असतात. दाब किती द्यावयाचा हे सर्वस्वी हाताच्या अंदाजावर राहते, म्हणून नवख्या माणसाने तिच्यावर विसंबू नये.

दुसरा प्रकार रॅचेटच्या पकडीचा. हिच्या मुठीत दात्यांची अशी योजना असते की दाब पुरा झाल्यावाचून जबडा उघडत नाही. शाळेच्या लहानसहान कामास हीच योग्य. जबड्यावर तांबडा, निळा व पिवळा असे ठिपके असतात आणि आवरणाच्या थिंबलांचे रंगही तेच असतात. तांबडे थिंबल ०.५ ते १.५, निळे १.५ ते २.५ व पिवळे ४ ते ६ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेसाठी असते. तारेची जाडी बहुधा तिच्या आवरणावर छापलेली असते. तार, थिंबल व खाच या तिघांचे माप एक असले पाहिजे, हा या कामातील मुख्य नियम होय.

तिसरा प्रकार बॅटरीच्या जाड तारांसाठी असतो. तिच्या मुठी लांब असतात किंवा तेलाच्या दाबावर ती चालते. ही पक्कड शाळेने विकत घेण्याचे कारण नाही, ते काम वायरमनचे. संगणकाच्या जाळ्याची तार जोडणारी पक्कडही निराळीच असते. तिने विजेच्या तारेचे थिंबल कदापि चेपू नये.

जोड करण्याची रीत

१. तार कोणत्याही विद्युत्-साधनास जोडलेली नाही याची प्रथम खात्री करावी.

२. नळीच्या लांबीहून सुमारे एक मिलिमीटर अधिक इतकेच आवरण सोलावे. सोलताना तंतूंना चीर पडू देऊ नये. चीर पडल्यास ते टोक कापून पुन्हा सोलावे.

३. सर्व तंतू सरळ एकत्र ठेवून नळीत घालावेत. तार जाड वाटते म्हणून काही तंतू छाटणे, अथवा ती बारीक आहे म्हणून दुमडून घालणे, हे दोन्ही दोष होत.

४. तंतूंना आधी डाख देऊ नये. डाखाचा धातू मऊ असतो. सततच्या दाबाखाली तो हळूहळू सरकतो व जोड सैल पडतो.

५. थिंबल योग्य रंगाच्या खाचेत धरून मुठी आपोआप सुटेपर्यंत दाबाव्यात. काम चुकल्यास मुठी हिसकू नयेत. मध्ये सुटकेची लहान कळ असते, तिचा उपयोग करावा आणि ते थिंबल फेकून द्यावे. एकदा चेपलेले थिंबल पुन्हा वापरावयाचे नसते.

६. तांब्याच्या थिंबलात ॲल्युमिनियमची तार घालू नये. या दोन धातूंच्या संयोगास ओल लागली की जोड कुजतो. त्यासाठी निराळे लग मिळतात.

जोडाची परीक्षा

प्रथम डोळ्यांनी पाहावे. नळीच्या पुढील टोकास तंतूंची टोके किंचित दिसावीत, मागे उघडी तार दिसू नये. नंतर एका हाती थिंबल व दुसऱ्या हाती तार धरून जोराने ओढावे. शंका राहू नये म्हणून निरुपयोगी तारेवर एक नमुना करून बादलीची परीक्षा घ्यावी. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचे थिंबल भक्कम खिळ्यास अडकवून खाली दहा लिटर पाण्याची बादली टांगावी. हे वजन सुमारे दहा किलो होते. चांगला जोड ते सहज पेलतो. तार निसटली तर पक्कड, थिंबल किंवा आपला हात यांपैकी काहीतरी चुकते आहे. बादलीखाली कोणाचा पाय असू नये. नमुन्याची तार पुन्हा कामास घेऊ नये.

पकडीची निगा

पकडीने खिळे उपटणे, कुंपणाची तार कापणे, नटबोल्ट आवळणे ही कामे करू नयेत. जबड्याची खाच केसभर झिजली वा वाकडी झाली तरी दाब बिघडतो आणि तो बिघाड डोळ्यांस दिसत नाही. मुठी जड लागतात म्हणून त्यांवर नळी चढवून जोर लावू नये. खाचा कानसीने घासू नयेत.

काम संपल्यावर जबडा कोरड्या सुती फडक्याने पुसावा. सांध्यावर व रॅचेटच्या दात्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब पुरे. खाचांत मात्र तेल राहू देऊ नये, कारण ते थिंबलास लागते. पिंपळनेरकडील भागात पावसाळ्यात ओल फार, म्हणून पक्कड झाकणाच्या डब्यात ठेवावी. वर्षातून दोनदा, जून महिन्यात व दिवाळीच्या सुटीनंतर, बादलीची परीक्षा घ्यावी. प्रत्येक शाळेने पक्कड घेण्यापेक्षा केंद्रशाळेत एक चांगली रॅचेटची पक्कड ठेवावी, जडसंग्रह नोंदवहीत तिची नोंद करावी आणि सर्व शाळांनी ती आळीपाळीने वापरावी, असे मी सुचवितो.

मर्यादा

शिक्षकाने कोणते काम करू नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. २३० व्होल्टच्या जोडणीस हात लावू नये. ते काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. बॅटरीच्या १२ व्होल्टचा झटका बसत नाही, परंतु पाना किंवा बांगडी दोन्ही टोकांस एकदम टेकली तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून धातू वितळतो. भारित होत असलेल्या बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायूही निघतो. छतावरील सौरपट्ट्या ऊन असेपर्यंत जिवंतच असतात, म्हणून त्यांच्या तारांचे जोड ओढू नयेत. शिक्षकाने पक्कड वापरावयाची ती कोरड्या विद्युत्-घटावरील विज्ञानाच्या साधनांसाठी व प्रात्यक्षिकासाठी. बॅटरीच्या बाबतीत त्याने पाहावे, वास घ्यावा, जवळ हात नेऊन ऊब तपासावी. काळे पडलेले आवरण, हिरवट पांढरा थर अथवा ऊब आढळल्यास संच बंद करून कारागिरास बोलवावे.

१९३७ साली वर्ध्यास मांडल्या गेलेल्या मूलोद्योग शिक्षणाच्या योजनेत हातकामास शिक्षणाचे माध्यम मानले होते. टकळी नीट ठेवणे हाही तेथे अभ्यासच होता. कार्यानुभवाच्या तासास मुलांसमोर एक चांगला व एक वाईट जोड करून दाखविला, तर उद्या मोटारपंपावर किंवा सौरप्रकल्पावर काम करणारा तरुण ही गोष्ट विसरणार नाही.

पुढील शिक्षण परिषदेस येण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या शाळेतील बॅटरीच्या तारांची टोके एकदा पाहावीत आणि काय आढळले ते लिहून आणावे. नव्या बॅटरीसाठी ग्रामस्थांपुढे हात पसरण्याआधी एवढे तरी आपण केलेच पाहिजे.