गाडीखालचं पाणी कुठलं?

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उभ्या गाडीखाली ओलं दिसलं की पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा ते एसीचं पाणी असतं, बिनरंगी आणि बिनवासाचं. हिरवट किंवा गुलाबी, बुळबुळीत, गोडसर वासाचं असेल तर मात्र कूलंट गळतंय.

कुठून, हे शोधणं चिकाटीचं काम. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचं निम्मं-निम्मं मिश्रण; ते एरवी साधारण १०७ अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून ते १२० अंशांनाही उकळत नाही. पण हाच दाब होजच्या क्लिपाशी, वॉटर पंपाशी, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या सांध्याशी बारीक फटी उघडतो. गाडी थंड झाली की दाब उतरतो, फट मिटते आणि मेकॅनिक म्हणतो, ‘कुठे काय, सगळं ठीक आहे!’

म्हणून थंड इंजिनवरच हातपंपाने दाब द्यायला सांगा. पंपावरचा दाबाचा काटा उतरतोय, पण बाहेर थेंब नाही? मग डॅशबोर्डमागचा हीटर (चटई ओली, काचेवर चिकट वाफ) किंवा हेड गॅस्केट; दुसरं खिशाला फार महाग. झाकणाचं रबर त्यामानाने स्वस्त, आणि तेच सगळ्यात दुर्लक्षित.

तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडू नका. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. ते विषारी असतं आणि गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात.