कार इन्शुरन्स ॲपमधला 'मेडिकल पेमेंट्स' पर्याय काय असतो? अमेरिकेत अपघातानंतरचं हॉस्पिटलचं बिल कोण भरतं?

अमेरिकेत एमएससाठी येणाऱ्यांची सुरुवातीची खरेदी जवळपास ठरलेली असते. आधी सिम कार्ड, मग गादी, आणि थोडे पैसे जमले की कुणाची तरी जुनी कोरोला किंवा सिव्हिक. गाडी ठरली की त्याच दिवशी फोनवर इन्शुरन्सचा कोट काढायचा. ॲपमध्ये एकामागून एक स्क्रीन येतात, प्रत्येकीवर रक्कम कमी-जास्त करता येते आणि खाली हप्त्याचा आकडा लगेच बदलतो. मीही सगळ्यांसारखंच केलं. जिथे जिथे 'नको' म्हणता येत होतं तिथे 'नको' म्हणत गेलो.

त्यातल्या एका स्क्रीनवर 'मेडिकल पेमेंट्स' असं असतं. इकडे सगळे त्याला मेडपे म्हणतात. मी तीन वर्षं ते 'नको'वरच ठेवलं होतं. मागच्या वर्षी आई-बाबा येणार होते, तेव्हा ऑफिसमधला एक सिनियर मराठी मित्र म्हणाला, "तिकिटं नंतर दाखव, आधी पॉलिसी उघड. मेडपे आहे का बघ." मी 5,000 डॉलरचा पर्याय निवडला. सहा महिन्यांच्या हप्त्यात वीस-बावीस डॉलर वाढले.

दुसऱ्याच महिन्यात त्याची गरज लागली. रविवारी फ्रीमाँटहून लिव्हरमोरच्या शिव-विष्णू मंदिरात निघालो होतो. सिग्नलला थांबलो असताना मागून एक पिकअप ट्रक येऊन आदळला. आई मागच्या सीटवर होती. "काही नाही झालं रे, चल देवळात," हेच तिचं चाललं होतं. दुपारपर्यंत मनगट सुजलं, मान वळेना. इमर्जन्सीमध्ये नेलं. एक्स-रे, मानेचा सीटी स्कॅन, मनगटाला बारीक फ्रॅक्चर, आधाराची पट्टी. चार तासांत घरी.

चूक त्याची, मग बिल आपल्याला का?

मला आधी वाटलं, धडक त्याने मारली, पैसे त्याची कंपनी भरेल. ते बरोबर आहे, पण अर्धंच. समोरच्याच्या पॉलिसीत लायबिलिटी नावाचा भाग असतो आणि तो शेवटी पैसे देतो. पण ती कंपनी येणारं प्रत्येक बिल सहसा भरत बसत नाही. चूक कुणाची हे ठरतं, उपचार संपतात, सगळी कागदपत्रं जातात आणि मग एकदाच एक रक्कम ठरते. यात महिने जातात. हॉस्पिटलचं बिल मात्र लवकर येतं आणि ते पेशंटच्या नावावर असतं.

शिवाय त्या रकमेलाही मर्यादा असते. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून कायद्याने लागणारी किमान लायबिलिटी एका माणसाच्या इजेसाठी 30,000 डॉलर आहे. त्याआधी ती 15,000 होती. ऑपरेशन लागलं तर इथे 30,000 किती लवकर संपतात ते इकडे राहणाऱ्यांना सांगायला नको.

भारतातली पॉलिसी डोक्यात असल्यामुळेही गोंधळ होतो. आपल्याकडे मालक-चालकासाठी 15 लाखांचा अपघात विमा असतो. बऱ्याच जणांना वाटतं की त्यातून हॉस्पिटलचं बिल निघतं. तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतो. मेडपे अगदी वेगळं आहे. ते थेट उपचाराच्या बिलासाठीच आहे.

मेडपे कुणाला मिळतं?

तुम्हाला, आणि तुमच्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाला. चूक कुणाची हा प्रश्नच नाही. तुम्ही स्वतः खांबावर गाडी घातली तरी चालतं. मर्यादा साधारणपणे माणशी असते, म्हणजे 5,000 चं मेडपे आणि गाडीत तिघं जखमी, तर प्रत्येकासाठी 5,000 पर्यंत. डिडक्टिबल नाही, को-पे नाही. ॲम्ब्युलन्स, इमर्जन्सी, एक्स-रे, फिजिओथेरपी यांची बिलं चालतात, काही पॉलिसींत दाताचे उपचारही. तुम्ही रस्त्याने चालत असताना गाडीने उडवलं तरी तुमचं मेडपे साधारणपणे लागू होतं. गाडीपेक्षा सायकलवर जास्त फिरणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या पॉलिसीत सायकलबद्दल काय लिहिलंय ते जरूर बघावं.

आणि मागच्या सीटवरचे आई-बाबा. त्यांना इथला नियमित आरोग्य विमा नसतो, व्हिजिटर इन्शुरन्स असतो. आम्ही घेतला होता तो ठरावीक रक्कम देणारा, सगळ्यात स्वस्त. असे प्लॅन इमर्जन्सी भेटीचे इतके, एक्स-रेचे इतके अशी ठरलेली रक्कम देतात, बिल कितीही असो. आमचं एकूण बिल 7,400 डॉलरच्या आसपास गेलं. डिडक्टिबल वजा जाऊन त्या प्लॅनमधून 900 आले. स्वस्त प्लॅन निवडला ही चूक माझीच.

तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर नाव बदलेल. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, फ्लोरिडा, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स अशा 'नो-फॉल्ट' राज्यांत पीआयपी असतं, म्हणजे पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन. ते मेडपेचं मोठं भावंड म्हणा, त्यात बुडालेल्या पगाराचा काही भागही मिळतो. न्यूयॉर्कमध्ये ते किमान 50,000 डॉलरचं असतं. फ्लोरिडात 10,000 चं, आणि तिथे अपघातानंतर 14 दिवसांच्या आत पहिला उपचार घेतला नाही तर ते हातचं जातं. आमच्या आईसारखं "काही नाही झालं" करत बसणाऱ्यांनी हे नीट वाचा. टेक्ससमध्ये कंपनीला पीआयपी द्यावंच लागतं, नको असेल तर तुम्ही लेखी नकार द्यायचा. ॲपमध्ये घाईघाईने केलेल्या सह्यांत हा नकारही असू शकतो.

प्रत्यक्ष क्लेम कसा केला?

अपघाताच्या दिवशीच माझ्या कंपनीच्या ॲपमध्ये नोंद केली आणि क्लेम नंबर घेतला. हॉस्पिटलच्या काउंटरवर "हा गाडीचा अपघात आहे" असं सांगून व्हिजिटर इन्शुरन्सचं कार्ड आणि क्लेम नंबर, दोन्ही दिले.

इथून पुढचा भाग डोकं खाणारा आहे. एका भेटीची तीन बिलं आली: हॉस्पिटलचं, इमर्जन्सी डॉक्टरांचं आणि एक्स-रे वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टचं. तिन्ही वेगळ्या ऑफिसांतून, तिन्हींचे खाते क्रमांक वेगळे. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर तीन टेबलं, पण त्यांना जोडणारी की कुठेच नाही. ती की म्हणजे तुमचा क्लेम नंबर. प्रत्येक ऑफिसला फोन करून तो लिहून घ्यायला लावा.

नुसतं 'एकूण इतके द्या' असं बिल इन्शुरन्सवाले परत पाठवू शकतात. त्यांना प्रत्येक तपासणीचा कोड असलेलं सविस्तर बिल, म्हणजे आयटमाइज्ड बिल लागतं. शिवाय डॉक्टरांच्या नोंदी आणि पेशंटची सही असलेला परवानगीचा फॉर्म. हे सगळं मी पीडीएफ करून ॲपमध्ये चढवलं. पेशंट आई असल्यामुळे सही तिचीच लागली. ती पुण्याला परत जायच्या आत हे उरकलं, म्हणून वाचलो.

तुमच्याकडे नोकरीचा किंवा विद्यापीठाचा आरोग्य विमा असेल तर एक हिशेब करा. आरोग्य विमा कंपनीने हॉस्पिटलशी दर ठरवून घेतलेले असतात, त्यामुळे त्यांच्यामार्फत गेलेलं बिल बऱ्यापैकी उतरतं. तेच बिल थेट मेडपेला गेलं तर पूर्ण दराने जाऊ शकतं आणि 5,000 एका फटक्यात संपतात. म्हणून जमत असेल तर आधी आरोग्य विमा, आणि उरलेलं डिडक्टिबल व को-पे मेडपेमधून. मात्र काही प्लॅन, विशेषतः काही विद्यार्थी प्लॅन, उलट सांगतात: आधी गाडीचा विमा वापरा, मग आमच्याकडे या. कार्डामागच्या नंबरावर फोन करून विचारा.

दोन गोष्टी अजून. गाडी डिलिव्हरी किंवा टॅक्सीसारखी वापरत असाल तर खासगी पॉलिसीतलं मेडपे बहुतेक वेळा हात वर करतं. (एफ-1 व्हिसावर ते काम चालतच नाही, पण "फक्त वीकेंडला" करणारे मला माहीत आहेत.) आणि क्लेम केला म्हणून हप्ता वाढेल का? कॅलिफोर्नियात अपघाताचा मुख्य दोष तुमचा नसेल तर त्या अपघातापोटी हप्ता वाढवता येत नाही.

आमचं पुढे असं झालं. मेडपेने पूर्ण 5,000 दिले. उरलेल्या दीड हजाराचे मी हॉस्पिटलच्या बिलिंग ऑफिसशी बोलून सहा हप्ते करून घेतले. समोरच्याच्या कंपनीने आठव्या महिन्यात आईचा क्लेम मिटवला, तेव्हा माझ्या कंपनीने त्यातून आपले मेडपेचे पैसे परत मागितले. पॉलिसीत तसं कलम होतं, मी ते तेव्हा पहिल्यांदा वाचलं. म्हणजे मेडपे हे फुकटचे जादा पैसे नाहीत. त्या आठ महिन्यांत बिल वसुली एजन्सीकडे गेलं नाही, एवढं काम त्याने केलं.

तुमच्या ॲपमध्ये पॉलिसी डॉक्युमेंट्स उघडलंत की 'डिक्लरेशन्स' नावाची पीडीएफ सापडेल. त्यात पहिल्या एक-दोन पानांवर सगळी कव्हर एकाखाली एक असतात. मेडिकल पेमेंट्सपुढे रक्कम आहे की 'डिक्लाइन्ड' लिहिलंय, ते बघा. बदल करायला पॉलिसी संपायची वाट बघावी लागत नाही. आई-बाबा या दिवाळीला पुन्हा येतायत, मी माझं 10,000 वर नेलंय.